मागचं दार

सोमवारी पहाटे तीनला आमचं यंत्र नव्याने सुरू होतं,
गुरुवारी चारच्या सुमारास मान टाकतं.
नद्यांत उभे बावन्न मापक
बर्फाखाली जागे असतात;
इथे तार्तूच्या तळघरात
पडद्यावर एकच ओळ:
आणखी फाइल उघडता येत नाहीत.

उर्मास म्हणतो, केर्स्टी, एक्स्टेन्शन तुझं आहे.
आहेच.
वर बसून स्क्रिप्ट लिहिणाऱ्या जलशास्त्रज्ञांना
मी नुसता एक आकडा देते. हँडल म्हणतात त्याला.
मापक त्यांच्या हाती देत नाही,
पॉइंटर तर नाहीच नाही.
आकडा घ्या, काम करा, विसरून जा,
मागचं आवरायला मी आहे,
असं माहितीपुस्तिकेत लिहिलंय. मीच.

त्यांच्या भाषेत कुणी काही परत करत नाही.
फंक्शन संपतं, ते कॉफीला जातात.
खाली, माझ्या बाजूला, सी मध्ये
झाडायला कुणी येत नाही.
उघडलं ते मीच मिटायचं,
एक वाढवला तर एक मीच वजा करायचा.
केलंय की सगळं.
तीन रात्री ओळी वाचतेय. सगळं केलंय.

बुधवारी आईला आणायला नाट्यगृहात गेले.
हिल्वे, एकतीस वर्षं लोकांचे कोट सांभाळते.
बाहेर उणे सोळा,
आत ओल्या लोकरीचा वास, पितळी बिल्ले.
पडदा पडला की साडेतीनशे माणसं एकदम अंगावर येतात,
आणि ती बिल्ला बघते, चेहरा नाही.
‘चेहरे बघत बसले असते
तर निम्मं गाव दुसऱ्याच्या कोटात फिरलं असतं.’

शेवटी एक खुंटी भरलेली राहिली. दोनशे बारा.
करडा कोट, गळ्याशी कोल्ह्याची कातडी.
नऊ हिवाळे झाले.
देऊन का टाकत नाहीस?
‘बिल्ला बाहेर आहे ना.’
कुठे?
‘मला काय माहीत! कुणाच्या तरी खणात. नाहीतर नदीत.
बिल्ला बाहेर आहे तोवर ती खुंटी माझी नाही.’
मग टोपी कानांवर ओढत, सहज:
‘त्या रात्री दुसऱ्या अंकात धूर झाला.
सगळ्यांना मागच्या दाराने काढलं.
मागच्या दाराने गेलं
की माझ्याकडे यायचं राहून जातं.’

पुलावर मी थांबले.
‘काय गं?’
काही नाही, चल.

मागचं दार.
मापकावर बर्फ चढतो, तो उत्तर देत नाही,
आणि माझं फंक्शन सभ्यपणे चूक कळवून
एकशे अठराव्या ओळीवरून निघून जातं.
एकशे दोनवर वाढवलेला एक
तसाच खुंटीवर.
तासाला अशा चौदा चुका,
सोमवारपासून त्र्याहत्तर तास.
हातमोज्यातल्या बोटांवर हिशेब जमला.

घाईघाईत आधी पोर्टच बंद करून टाकलं.
चाचणीत पेद्या नदी पाच मीटर चढली.
ती चढली नव्हती.
कुणाच्या तरी हातात जुना आकडा राहिला होता,
यंत्राने तोच दुसऱ्या मापकाला दिला,
आणि पेद्याच्या नावाने दुसरीच नदी बोलत होती.

मग पोर्टला हात लावला नाही.
बाहेर पडण्याआधी एक वजा. अर्धी ओळ.
बाकीचं मोजणी शून्य झाली की आपसूक.

गुरुवार. चार वाजले, सव्वाचार.
उर्मासने खुर्चीतच डोळे मिटले.

सकाळी आईला फोनवर सांगितलं, जमेल तसं.
तिने ऐकून घेतलं.
‘म्हणजे बिल्ला हरवला की तुझं यंत्र कोट फेकून देतं?’
नाही गं. बाहेर एकही बिल्ला उरला नाही, तर.
‘मग माझा एक आहे,’ ती म्हणाली,
‘दोनशे बाराच्या डांबरगोळ्या संपल्यात.
येताना घेऊन ये.’