सरासरी

कृषी केंद्राचं कॅलेंडर. वर फवारणीच्या पंपाचा फोटू,
खाली एकाच पानावर तिघाईचा हिशेब.
याईचा निळ्या पेनानं : 'दि' म्हंजे दिवसाची लाईन,
'रा' म्हंजे मोटर लावाले अंधारात जा.
माहा कुंकवाचा ठिपका, नखानं टेकवलेला.
कोनी इचारलं त सांगाचं, चतुर्थी हाये.
श्रावणात तीन चतुर्थ्या पडल्या,
तरी कोनी इचारलं नाई.
आन् पोरीचा, शिसपेनीचा, इतका बारीक
का पाह्याले दारापाशी उजेडात न्या लागते.

तीस वर्सं माही सत्ताइसाव्या दिवशी आली.
सोयाबीन सोंगाचं असो का भावाचं लगन,
दारव्ह्याची एस्टी चुकली, थे नाई चुकली.
आता एकोनीसनं येते, मंग अडतीस, मंग त्रेसष्ट.
त्या त्रेसष्टात मी दोनदा घाबरली :
एकदा, दिवस राह्यले का म्हनून,
एकदा, दिवस सरले का म्हनून.

पोरीचं त आत्ता सुरू. एक महिना भेटते, दोन गायब.
शेजारची गिरजाकाकू म्हने, नजर हाये, लिंबू उतरव.
आशाताई म्हने, लिंबाचं सरबत करा.
पहिल्या दिवसापासून पहिल्या दिवसापर्यंत मोजा,
सुरवातीले असंच राह्यते.
नव्वदाच्या वर गेली त मले सांगा.
आन् तुमचं लय जाऊन राह्यलं त तुमीबी चला,
कापूस येचनं काई पळून नाई जात.

काल लाईन नव्हती. 'रा' लिहेल होतं, तरी नव्हती.
पोरगी मोबाईलच्या बत्तीत बसली,
माहे ठिपके मोजले, बेरीज केली, तिनानं भागलं.
"आई, तुही सरासरी चाळीस."
म्या म्हटलं, चाळीसनं त कधीच नाई आली.
"सरासरी येत नसते व, काढा लागते."
मंग तिनं 'रा' मोजले. लिहेल वीस, आली बारा.
"बाबाची लाईनबी अनियमितच."
बाजीवर याईनं कूस बदलली.
झोपले नव्हते.

सकाळी मी दळन घ्याले त्या भिताडापाशी गेली,
त सतराच्या घरात, 'रा'च्या बाजूले,
एक ठिपका. निळा. चांगला ठळक,
दुरून दिसन असा.
पेन कॅलेंडरच्या खिळ्याले अटकवेल.
हे वावरात जाताना थांबले तेथी,
पाह्यलं,
पेन घेतला नाई, तसाच राहू देल्ला.