बुचाची चकती

जावाचा नळ गळतो, थेंब थेंब,
ठाकूरद्वारच्या जिन्याखाली, रात्रभर.
सकाळी तळमजल्याचे मोघे खोकून सांगतात,
"वास येतो हो. उद्या कुणी विडी पेटवली तर?"
मी बशी ठेवतो.
बशीत निळसर पेट्रोल,
त्यात ऑइलचा एक आळशी धागा.

अडुसष्ट सालची. माझ्याकडे आली तेव्हाच दोन घरं फिरलेली:
आधी बोटीवरच्या एका वायरलेसवाल्याची,
मग त्याच्या भाच्याची, ज्यानं तिला पोपटी रंगवलं होतं.
खरवडत खरवडत मी खालचा डाळिंबी गाठला,
आणि तेव्हापासून एकच वेड:
लावायचं ते कंपनीचं.

ऑपेरा हाउसमागच्या गल्लीत ताहेरभाई
काउंटरवर दोन पुड्या ठेवतात.
एक मेणकागदाची, कडा पिवळ्या, वर परदेशी अक्षरं,
आत पितळी नळ आणि बुचाची चकती,
आयुष्यात पेट्रोल न पाहिलेली.
साडेचार हजार.
दुसरी प्लास्टिकची, स्टेपल मारलेली,
राजकोटचा माल. दोनशे ऐंशी.
"हा असली," ते चष्मा पुसत म्हणतात, "हा चालू."
मी असली घेतो.
घरी आकडा सांगायचा नाही, हे पायऱ्या उतरतानाच ठरतं.

माहीमला, खाडीच्या वासात, सिल्वेस्टर दाब्रे
पुडी उघडतो, चकतीवर नख टेकवतो.
नुसतं टेकवतो.
भुगा.
"पंचेचाळीस वर्षं कागदात झोपलेली," तो म्हणतो,
"बूच ओलं राहिलं तरच जगतं.
आणि लावलं असतं तरी काय? आताच्या पेट्रोलात ऊस आहे.
ऊस जुनं रबर खातो, बूच खातो,
फ्लोटचं डाग दिलेलं कथलाचं टोक तेवढं सोडतो.
जा. राजकोटवाला आण."

"डुप्लिकेट?" मी म्हणतो,
जरा जास्तच मोठ्यानं.

दाब्रे माझ्याकडे बघतो.
त्याच्या खालच्या जबड्यातले समोरचे चार
मी केलेत. गेल्या नाताळाआधी, घाईनं, ॲक्रिलिकचे.
तो त्यांनीच हसतो.

दुपारी लॅबमध्ये नवा साचा येतो.
घारपुरेबाई, वय एकाहत्तर.
सोबत लग्नातला फोटो, कोपरा दुमडलेला;
वरचा डावा सुळा किंचित पुढे, जसा रांगेतला
एक जण डोकावून बघतो, बस आली का.
डॉक्टरांची चिठ्ठी: "तो तसाच हवा म्हणतात."
मी मेणात वाकडेपणा बसवतो, अर्धा मिलिमीटर,
काढतो, पुन्हा बसवतो.
एकतीस वर्षं हेच करतोय.
पावतीवर कधी नक्कल असं लिहिलं नाही.
कुणी विचारलंही नाही.

शनिवारी दाब्रे जुन्याच नळाचं पितळ ठेवतो,
आत राजकोटची काळी चकती.
चकतीचं भोक लहान निघतं.
"तयार माल कधी तयार नसतो," म्हणत
तो रीमर फिरवतो, फुंकतो, उजेडाला धरतो.
कार्बोरेटरची सुई मात्र तीच, पोटात खाच पडलेली;
ताहेरभाईंकडे ती कुठल्याच पुडीत नव्हती.
दगडावर घासतो, थुंकी लावून, पाऊण तास.
ह्यातलं आता काय कंपनीचं, काय राजकोटचं
आणि काय दाब्रेच्या थुंकीचं,
हिशेब लागत नाही.

तिसऱ्या किकला घेते.
प्रभादेवीच्या सिग्नलला बंद पडते.
मागचा टॅक्सीवाला हॉर्न देत नाही,
खिडकीतून मान काढून विचारतो, "कितवं मॉडेल?"
मी सांगतो. तो म्हणतो, "सगळं ओरिजिनल?"
मी किक मारण्यात गुंतलेला असतो.

रविवारी सकाळी बशी कोरडी.
बोट फिरवून बघतो. कोरडीच.
मोघे दारात उभे, टॉवेल खांद्यावर.
"वास येतो हो," ते म्हणतात.
मी बशी उचलतो, वर नेऊन तीनदा धुतो.
चहाला अजून कुणी घेत नाही.