अर्धा मिलिमीटर

औलू, फेब्रुवारी. सकाळचे साडेआठ
आणि खिडकीत अजून निळसरच.
हिल्का कार्पिनेन हातमोजे काढते,
दोन पोलादी दांड्यांवर टॅब्लेट आडवा ठेवते
आणि तिसरी दांडी वरून, सावकाश,
त्याच्या बरोबर पोटावर टेकवते.

एकोणीस वर्षं हेच काम.
वस्तू बाजारात जायच्या आधी
कुणीतरी तिच्यावर बसून बघायला हवं,
त्याचा मला पगार मिळतो, असं ती भाच्याला सांगते.

दोनशे न्यूटन. दोनशे चाळीस.
काच गप्प. पाठीचं ॲल्युमिनियम
चार्जिंगच्या भोकापाशी जरा कुरकुरतं.
दांडी वर जाते
आणि टॅब्लेट परत येत नाही,
म्हणजे येतो, पण पुरता नाही.
टेबलावर ठेवला की डुगडुगतो.

मोडेन पण वाकणार नाही, म्हणणारे
जाडजूड जुने नमुने कपाटात पडलेत.
हा म्हणतो, वाकेन, मोडणार नाही,
आणि वाकलेलाच राहतो.

कोपनहेगनहून आस्गर पडद्यावर येतो.
अजून अर्धा मिलिमीटर निघेल?
दुकानात लोक आधी उचलून बघतात, हिल्का.
तिथेच ठरतं.

खोटं नाही ते. तिनंही स्वतःचा
असाच घेतला होता, दोन बोटांत धरून,
अगंबाई, काय हलकाय म्हणत,
आणि संध्याकाळी त्याला
दोनशे ग्रॅमचं रबरी कव्हर चढवलं होतं.

शनिवारी ती गोठलेल्या खाडीवर.
गिरमिटानं भोक पाडते, मोजपट्टी सोडते.
पलीकडून एर्की ओरडतो, किती?
बावन्न.
बरंय, म्हणतो, आणि गाडी थेट बर्फावर घालतो.
इथं पातळपणाचं कौतुक कुणी करत नाही.
पाच सेंटिमीटरवर एकटा माणूस, तोही जपून,
हे ती वाचायच्या आधी शिकली होती.
पण बावन्न भेदताना
उजवा खांदा भरून येतो, तेही आहेच,
आणि मासा एकही लागत नाही.

रविवारी आई. शहाऐंशीची औने,
मनगट चमच्याच्या दांड्याएवढं.
कपाटातलाच एक जुना, दणकट,
हिल्कानं तिला आणून दिलेला;
पणतीचा चेहरा त्यात हसत असतो
आणि आईचे हात थरथरत खाली येतात.
जड आहे गं, म्हणते,
पोरीला नको सांगूस.

सोमवारी शेऱ्याच्या रकान्यात
हिल्का लिहिते: अर्धा नको.
कॉफी घेऊन येते. उभ्यानंच पिते.
अर्धा नको खोडते,
लिहिते: पाव,
आणि पुढचा नमुना दांड्यांवर ठेवते.