विसाचं बेरिंग

वडाळा नाक्याला, मुख्तारभाईच्या गॅरेजात
माझा पिकअप तेरा दिवस बोनेट उघडं टाकून उभा होता,
दातांच्या डॉक्टरकडं बसवल्यासारखा.

साखळीला टांगून इंजिन बाहेर काढलं
तेव्हा आत केवढी जागा निघाली!
घोटीकडचा वाळका चिखल,
चौदाचा पाना, माझाच,
ज्याच्यापायी मी गल्लीतल्या पोरांवर आळ घेतला होता,
आणि कोथिंबिरीची एक काडी,
कधीची कोण जाणे, कागद झालेली.

नऊ वर्षं पेठ रोडच्या मार्केटातून
रात्री जुड्या भरायच्या
आणि उजाडायच्या आत वाशी.
कोथिंबीर कुणासाठी थांबत नाही.
त्या रात्री मला ताप होता,
स्टिअरिंगवर धाकटा, पुंजा.
पाडळीच्या पुढं इंजिन आधी ठकठकलं,
मग एकदम गप्प.
माल रस्त्यातच पिवळा पडला.

मी म्हणालो, पळवली असशील.
तो म्हणाला, काठी बघ दादा, तेल पुरेपूर आहे.
मी म्हणालो, तेच म्हणतोय.
तेल आहे, पाणी आहे, मग राहिलं काय?
तुझा पाय.
त्यानं चावी ओट्यावर ठेवली
आणि बिऱ्हाड ओझरला नेलं.
चार महिने झाले.

सगळे सांगत होते, मालेगावहून हाफ इंजिन उचल,
एका दिवसात मोकळा होशील.
मुख्तारभाई मात्र क्रँकवर नख फिरवत बसला.
नख अडकलं.
परत फिरवलं. परत तिथंच.
"घासून निघेल," म्हणाला. "विसाचं बेरिंग बसेल."
त्याची बिल्किस डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला.
ती माप घ्यायची आणि आकडे वहीत उतरवायची.
तिसरा बोअर जरा लांबट झालाय, हे तिनं
घरातल्या कुणाचं दुखणं सांगावं
तसं हळू सांगितलं.

मग डिझेलच्या घमेल्यात सुटे भाग धुताना
तेल ओढायची जाळी तिनं ट्यूबलाइटकडं धरली.
उजेड पलीकडून आलाच नाही.
चिमट्यानं एकेक ओढत गेली:
लाल, रबरी, शेवयांसारखं.

"सिलिकॉन आहे, काका.
चेंबर बसवताना कुणीतरी भरमसाट लावलंय.
जेवढं बाहेर येतं ना, तेवढंच आतही सुटतं.
पुढं तुटून जाळीत बसतं.
खाली तेल भरलेलं, वर थेंब नाही."
मग वही मिटून,
"कुणाकडं केलं होतं काम?"

अंगणात. दिवाळीच्या आधी. मी.
गळती थांबेना म्हणून आख्खी ट्यूब पिळली होती.
सहाशे रुपये मजुरी वाचली होती,
आणि बॅटरी धरून शेजारी उकिडवा बसलेला पुंजा,
त्याला शिकवलं होतं,
बघ, हात आखडायचा नसतो.

"असेल कुणी गॅरेजवाला," मी म्हणालो.
मुख्तारभाईनं माझ्याकडं पाहिलं,
आणि चहा सांगितला.

बत्तीस हजार आठशे झाले.
चौदाव्या दिवशी सेल्फ मारला:
दोनदा नुसता खोकला, तिसऱ्यांदा सगळी गल्ली पांढरी,
आणि तेलाचा लाल दिवा
लागला, रेंगाळला,
विझला.
बिल्किसनं हात पुसले. "हजार किलोमीटर
पन्नासच्या वर न्यायची नाही.
नवीन भाग आहेत, एकमेकांना ओळखू देत."

आता हौद्यात काही नाही.
आडगाव नाक्याला एक रिक्षासुद्धा पुढं निघून गेली,
मागून ट्रकवाले हॉर्न देतायत.
खिशात गुटख्याच्या रिकाम्या पुडीत
ते लाल तुकडे.
पुंजासमोर पुडी आधी काढायची
की तोंड आधी उघडायचं, जमत नाहीये.

दहावा मैल मागं पडला.
काटा पन्नासच्याही खाली.
ओझरला इतका हळू
मी कधीच गेलो नव्हतो.