सहा मिनिटं अकरा सेकंद

रविवारी सकाळी रामबागेत, पोह्यांच्या गाड्यापाशी,
आम्ही चौघं उभेच राहतो.
बाकावर बसलं की उठताना दुसऱ्याचा हात लागतो,
आणि तो कुणालाच मागायचा नसतो.
कांदा, शेव, वरून जिरावण,
पहिला घास होतो न होतो
तोच कुणीतरी काडी टाकतं:
आपल्या कॉलेजात खो-खोला सगळ्यात भारी पळणारा कोण?

बारगळ म्हणतो, बुळे. विचारता काय!
अडुसष्ट साल, समोर उज्जैन, शेवटची पाळी.
खांबापाशी त्यांच्या पोरानं असा सूर मारला
की हनुवटीची साल निघाली,
आणि मुठीत आली ती माती.
बुळे पलीकडच्या पाटीत उभा,
चड्डीची नाडी आवळत.

फणसे मान हलवतो.
खांबापाशी बुळे राजा, मान्य.
पण मैदानाच्या मध्ये आणून सोडा त्याला!
तिथे एकच माणूस, मन्सुरी.
एकेरी साखळी अशी विणायचा
की बसलेल्या आठ पाठींना नुसता वारा लागायचा,
खो मिळून माणूस उठेपर्यंत
वारासुद्धा पडलेला.
"आणि रोजे धरून, भर उन्हात," फणसे म्हणतो.
"ते दिवस थंडीचे होते," बारगळ म्हणतो.
यावर दहा मिनिटं जातात.

"और सेव, भिया?" गाडेवाला विचारतो.

मग गर्दे चष्मा पुसतो.
गर्दे बँकेतून निवृत्त झाला,
बँक त्याच्यातून झाली नाही.
म्हणतो, आठवणी राहू द्या, आकडे बोला.
बुळे, पाच एकोणसाठ.
मन्सुरी, पाच बेचाळीस.
लांभाते, ग्वाल्हेरविरुद्धची फायनल,
सात मिनिटांच्या पाळीत एकटा
सहा मिनिटं अकरा सेकंद.
विषय संपला.

बारगळ गप्प होतो.
दर रविवारी तो याच आकड्यापुढे हरतो.

घड्याळ माझ्या हातात होतं.
लिंबाएवढं, निकेलचं, चावीचं.
पाय सपाट म्हणून संघात घेतलं नाही मला,
सर म्हणाले, तू वेळ धर.
मी वेळ धरली.
आणि लांभाते पळत होता.
डावीकडे बघायचा, उजवीकडे जायचा,
आपल्यालाच फसवल्यासारखं वाटायचं
आणि फसल्याचा आनंद व्हायचा.
शिट्टी वाजली.
तो मातीतून उठला, गुडघा झटकला,
वर बघितलं, जणू पाऊस येतोय का ते बघावं,
आणि मी त्याच्याकडे बघत होतो.
अंगठा कधी दाबला, मला माहीत नाही.
काटा अकरावर होता.
मी तो मोठ्यानं वाचला
आणि अख्ख्या मैदानानं टोप्या उडवल्या.

पाच सेकंद उशीर झाला असेल.
किंवा पंधरा.
बारा पुरेसे होते.

बुळेला जाऊन चौदा वर्षं झाली.
दुसऱ्या नंबरवर गेला तो.
शेवटच्या आजारात मी भेटायला गेलो होतो,
संत्री घेऊन.
मन्सुरीबद्दल बोललो, सरांबद्दल बोललो,
संत्री सोलून दिली,
शिरा काढून.

बारगळच्या जलेबीचे पैसे मी देतो.
बरीच वर्षं झाली.
त्याला वाटतं, लोभ आहे.
आहेच.

नऊ वाजता लांभाते दिसतो, समोरच्या फुटपाथवर,
हातात दुधाची पिशवी, गुडघ्याला पट्टा.
"सहा अकरा!" गर्दे ओरडतो.
तो ऐकल्यासारखं करत नाही.
रस्त्यावर उतरतो,
ई-रिक्षा अंगावर येते,
डावा खांदा जरासा झुकतो,
रिक्षावाला ब्रेक मारतो डावीकडे बघून,
आणि म्हातारा उजवीकडून निघून गेलेला,
दूध न हिंदकळता.

बारगळसुद्धा "वा!" म्हणतो.
पोह्यांचा द्रोण डाव्या हातात,
उजवी मूठ वळलेली,
लांभाते पलीकडे पोचून दिसेनासा झालाय
आणि माझा अंगठा अजून वरच.