शहाण्णव

कोरणाऱ्यानं एकदाच वाचून दाखवलं,
छिन्नीची धार पुसता पुसता:
नंदादीप एक. त्यासाठी मेंढ्या शहाण्णव,
न मरणाऱ्या, न म्हाताऱ्या होणाऱ्या,
चंद्रसूर्य आहेत तोवर.

मला हसूच आलं.
मेंढी फऱ्यानं मरते, लांडग्यानं मरते,
कावेरी फुगली की गाळात रुतून मरते,
आणि कधी कधी कशानंच नाही,
पहाटे नुसती आडवी असते, डोळे उघडे,
तोंडात अर्धं चावलेलं गवत.

पण मेंढी मेली तरी आकडा मरत नाही.
तिचं कोकरू तिच्या जागी उभं करायचं,
नसेल तर आपल्या कळपातलं घालायचं.
म्हणून दगड खोटं बोलत नाही.
एवढं कळायला मला दोन उन्हाळे लागले.

सेंदन माझा थोरला.
चुकलेली पाठ शोधत बोरीच्या जाळीत वाकला होता,
अंगावर तपकिरी घोंगडी.
पलीकडून मारन, राजाच्या तिरंदाजांतला,
रजेवर गावी आलेला.
त्याला हरीण दिसलं.

चिंचेखाली सभा बसली. वेद जाणणारे म्हणाले,
हेतू नव्हता, म्हणून हत्या नव्हे,
याला मारू नका, यानं दिवा लावावा.
मेंढ्या सांभाळणार कोण?
आलंतुरैत मेंढपाळाचं घर एकच.

असं माझ्या लेकाचं मोल
माझ्याच कुंपणात चरायला आलं.
मारन स्वतः हाकत घेऊन आला,
दाराशी उभा राहिला, ओठ फुटलेले, पाय धुळीनं पांढरे.
मी त्याला पाणी दिलं नाही.
मेंढ्यांना दिलं.

रोज उळक्कभर तूप.
माप देवळाचं, आमच्या घरच्याहून दोन बोटं खोल.
कारभारी काठावरून बोट फिरवतो,
बोट चाटतो, मग मान हलवतो.
मी बाहेरच्या दारापर्यंत.
तिथून ज्योत दिसते ती तिळाएवढी,
कुणी मध्ये आलं की तीही नाही.

त्या भिंतीवर आधी राजा आहे,
वीस ओळी नुसता राजा:
त्यानं जिंकलेली बेटं, पळवून लावलेले हत्ती,
सोडवून आणलेले मुकुट.
मग मारनचं नाव, त्याच्या बापाचं, त्याच्या पलटणीचं.
मग मेंढ्या.
मी विचारलं, आणि सेंदन?
कोरणारा ताडपत्राकडे बघत राहिला.
"यात आहे तेवढंच मला कोरता येतं, अम्मा."
वाईट माणूस नव्हता. त्याच्याही बोटांना दगडाची पूड होती,
जखमेत गेलेली.

तेव्हापासून तूप कढवताना
मी मडक्यावर वाकून नाव घेते. एकदाच, हळू.
नंगै म्हणते, आई, काय पुटपुटतेस?
म्हणते, मोजतेय.

तीन वर्षं पाऊस नव्हता. कातडी विकली,
नंगैच्या कानातलं विकलं,
शेजारच्या गावातून तूप विकत आणून माप भरलं,
दिवा विझू दिला नाही.
कुणासाठी, हे मला विचारू नका.
देवासाठी म्हटलं तर देव ऐकतोय,
लेकासाठी म्हटलं तर पुण्य मारनच्या नावे जमा होतं.

मारन मागच्या मार्गळीत आला होता. समुद्रापलीकडून परतलेला,
एक हात कोपरापासून नाही.
धनुष्य आता कुणाला दिलं, मी विचारलं नाही.
कुंपणापाशी बसून त्यानं मेंढ्या मोजल्या,
मध्येच चुकला, पुन्हा पहिल्यापासून मोजल्या.
मी ताकाचा मोगा त्याच्यापासून थोडा लांब ठेवला.
मी आत गेल्यावर प्यायला असावा.

आज सकाळी कान कापलेली म्हातारी मेली,
त्यानं आणलेल्यांतली शेवटची.
म्हणजे आता त्या शहाण्णवांतली
एकही नाही.
तिच्या जागी कोकरू घालायला कुंपण उघडलं
तर रात्रीत एक व्यालेली, जुळं.
मोजल्या. नंगैनं मोजल्या. परत मी.

सत्त्याण्णव.

तपकिरी आहे, पाय अजून लटपटतात.
हिच्याबद्दल दगडावर काहीच लिहिलेलं नाही.