बेदाणा निवडताना

तासगावात, विटा रोडच्या शेडमध्ये
सकाळी आठला बसतो आम्ही चौदाजणी,
नाकाला ओढणी, मांडीपुढे ट्रे.
हिरवा इकडे. पिवळा तिकडे. काळा खाली, पोत्यात.
गंधकाची धुरी बोटांत मुरलेली;
रात्री भाकरीलाही तीच चव.
‘निवडलेले’ हा शब्द मला आधी इथं कळला,
देवळात नंतर.

आबा मंडळीचे वडील. आणि आमचेही.
मिरजेच्या दवाखान्यात चाळीस वर्षं
चादरी-अभ्र्यांचा हिशेब लिहिला त्यांनी,
म्हणून देवाचंही सगळं वहीत असणार असं त्यांना वाटतं:
जग व्हायच्या आधी, शाईनं, खाडाखोड नाही.
शीलास, माझा थोरला, विश्रामबागेत
भाड्याच्या हॉलात ड्रम लावून सांगतो:
दार उघडं आहे, पाय तुझा आहे.

दोघं एका पंगतीला बसत नाहीत हल्ली.
बसलेच, तर रस्सा वाढेपर्यंत
आदाम पडलेला असतो.
‘मेलेला माणूस हात कसा पुढं करील?’ आबा.
‘मग देव हाका कुणाला मारतोय?’ शीलास.
‘माती कुंभाराला जाब विचारते का?’
‘माती नाही विचारत, आबा. माणूस विचारतो.’
आई विचारते, मीठ हवंय का.
कुणालाच नको असतं.

धाकटा हनोख या वादात कधी नव्हता.
पिकअप चालवायचा, कवठे महांकाळ ते सांगली मार्केट यार्ड,
भाडं मिळालं की प्यायचा,
मग रडायचा, मग माझ्या पोरांना जिलेबी आणायचा.
मार्चात, सीझन भरात असताना,
आयर्विन पुलावरून पडला.
की उतरला.
पंचनाम्यात ‘पडून’ लिहिलंय. हवालदार भला माणूस.
हरिपूरला सापडला, दोन दिवसांनी.

मातीच्या दिवशी आबा म्हणाले,
कोण त्याचे आहेत ते प्रभूलाच ठाऊक.
शीलास म्हणाला, हजारदा बोलावलं होतं त्याला.
तान्हेपणी डोक्यावर घातलेलं पाणी
शीलास धरत नाही. आबा धरतात, पण पुरेसं नाही म्हणतात.
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच
दोघांचा हिशेब जुळला:
हनोख पोत्यात.

एक मी कुणाला सांगितलेलं नाही.
त्या संध्याकाळी त्याचा फोन आला होता.
ताई, सातशे दे, उद्या देतो.
आठवड्याची मजुरी पर्समध्ये होती. मी म्हणाले, नाहीत.
आबांचं खरं धरलं
तर तो ‘नाहीत’सुद्धा आधीच लिहिलेला;
मी नुसता वाचून दाखवला.
किती सोपं होईल मग झोपणं.
नको. तो शब्द माझा आहे,
माझ्या तोंडचा, माझ्या चिक्कूपणाचा,
तो काढून घेऊ नका माझ्याकडून.
भावाचं शेवटचं बोलणं त्याला चिकटलेलं आहे.

पण हनोखसाठी मला आबांचाच देव हवा:
हो-नाही न विचारता मनगट धरणारा,
रस्ता ओलांडताना पोराचं धरतो तसं,
पोर हिसके देत असलं तरी.
माझ्यासाठी शीलासचा.
असं वाटून मागता येत नाही, माहीत आहे.
तरी मागते. रोज, ट्रेवर वाकून,
बायकांना वाटतं गुणगुणते.

प्रभुभोजनाचा रस आई अजून
काळ्याच बेदाण्याचा करते. स्वस्त पडतो.
रात्रभर भिजत घालायचा, कुस्करायचा, फडक्यातून गाळायचा.
आबा पेल्यांचं ताट घेऊन बाकाबाकानं फिरतात.
गेल्या रविवारी आमच्या बाकापाशी
त्यांचा हात कापला, ताट कलंडलं,
आणि ते नुसतेच उभे राहिले,
ओल्या पांढऱ्या कापडाकडं बघत,
जणू हे वहीत नव्हतं.

मुकादमीण ओरडते, हात चालवा गं.
माझ्या चिमटीत एक दाणा आहे,
अर्धा हिरवा, अर्धा जळालेला.
नियम म्हणतो, काळ्यात टाक, वेळ घालवू नको.
मी आजूबाजूला बघते
आणि तोंडात टाकते.
चोरी आहे ही. माहीत आहे मला.
गोड लागतो.